डायनोचा कागद कसा वाचायचा

डायनो म्हणजे गाडी रोलरवर पळवून तिची ताकद मोजणारं यंत्र. गाडी रोलरवरून उतरली की प्रश्न ठरलेला: "कंपनी ८३ घोडे म्हणते, इथे ५८ कसे?"

कंपनी इंजिन गाडीबाहेर, टेस्ट बेंचवर मोजते. आमचे रोलर चाकाखाली असतात. मधल्या मधे गिअरबॉक्स, ड्राइव्हशाफ्ट आणि टायर आपापला वाटा खातात. त्यात टायर फार खादाड.

काही ठिकाणी चाकावरच्या आकड्यात सरसकट १५ टक्के मिळवून देतात. आम्ही देत नाही. रिमॅपने (म्हणजे इंजिनाच्या संगणकाची सेटिंग बदलून) इंजिन ८० वरून १०० वर गेलं, तरी टायर आणि गिअरबॉक्स तेच. त्यांचं खाणं त्याच हिशेबात वाढत नाही.

आम्ही चौथ्या गिअरमध्ये पूर्ण अ‍ॅक्सिलरेटर देऊन रेडलाइनपर्यंत (इंजिनाच्या फेऱ्यांची कमाल मर्यादा) जातो, मग क्लच दाबून रोलर आपसूक मंदावू देतो. ते किती झपाट्याने मंदावतात त्यावरून मधली ओढ कळते. समजा ८३ पीएसची (पीएस म्हणजे मेट्रिक हॉर्सपॉवर, एचपीपेक्षा किंचित लहान) पेट्रोल स्विफ्ट आहे: चाकावर ५८ एचपी, ओढ १४, बेरीज ७२. ही बेरीज अंदाजच, कारण क्लच दाबलेला असताना गिअरच्या दात्यांवर भार नसतो. ताणाखाली ते थोडं जास्त खातात. आणि एक गंमत: गाडी मंदावताना कुणी ब्रेकवर पाय नुसता टेकवला, तरी ओढ वाढते आणि कागदावर इंजिन तगडं दिसतं. खुशाल शेजारी उभे राहून बघा.

आता हवा. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंच, दाब साधारण ९५० मिलिबार. एप्रिलच्या दुपारी शेडमध्ये ३८ अंश. डीआयएन हे जर्मन मानक धरतं १०१३ मिलिबार आणि २० अंश. हवा विरळ आणि गरम असली की इंजिनाची ताकद घटते; त्या फरकापोटी ७२ चे ७९ होतात. ७९ एचपी म्हणजे ८० पीएस. इंजिन ठणठणीत आहे.

टर्बो गाडीला ही दुरुस्ती आम्ही लावत नाही. टर्बो इंजिनात हवा दाबून भरतो, त्यामुळे विरळ हवेची तूट तो बरीचशी स्वतःच भरून काढतो. वर आणखी १० टक्के दिले तर ते फुकटचे घोडे. टॉर्क कन्व्हर्टरवाल्या ऑटोमॅटिकला (क्लचऐवजी तेलातून ताकद पोचवणारी) क्लच दाबून ओढ मोजता येत नाही, म्हणून फक्त चाकावरचा आकडा मिळेल.

रिमॅप करणार असाल तर आधीचं आणि नंतरचं माप एकाच दिवशी, त्याच टायरवर घ्या आणि चाकावरचेच आकडे ताडून पाहा. येताना टायरची हवा कंपनीच्या मापाने भरून आणा, टायरच्या खाचांत अडकलेले खडे काढा. गुळगुळीत टायर असतील तर गाडी रोलरवर चढवणार नाही.