इंधनटाकीचे स्थलांतर (जुनी पिकअप)

जुन्या पिकअपची इंधनटाकी कंपनीने दिलेल्या जागेवरून काढून चेसीवर (गाडीच्या खालच्या सांगाड्यावर) दुसरीकडे बसवण्याचे काम. जुन्या जीपच्या घराण्यातल्या गाड्यांत टाकी थेट चालकाच्या सीटखाली असे. अमेरिकेत १९७२ पर्यंतच्या शेव्हरोले पिकअपमध्ये ती केबिनमध्येच, सीटच्या पाठीमागे होती. १९७३ ते १९८७ या काळातल्या गाड्यांत ती चेसीच्या बाहेरच्या अंगाला गेली आणि बाजूच्या धडकेत लागणाऱ्या आगींवरून तिथे मोठा वाद झाला. जुन्या गाड्यांचे तिकडचे शौकीन केबिनमधली टाकी काढून मागच्या ॲक्सलच्या पलीकडे, चेसीच्या दोन दांड्यांमध्ये बसवतात.

सोलापूरकडे हौसेचा भाग कमी. ऊस, डाळिंब किंवा चादरीच्या गाठी वाहणाऱ्या गाडीची बाजूला लटकलेली टाकी शेतरस्त्याला दगड खाते, तिला धरणाऱ्या पट्ट्याखाली चिखल साचून नेमकी तिथेच गंजते, आणि हमरस्त्यावर रात्री उभ्या गाडीतून डिझेल काढणाऱ्याच्याही ती हाताशी असते.

टाकी बसवणे सोपे. कस लागतो तो पाइपात. फीड पंप डिझेल ओढून घेतो, त्यामुळे टाकी ते पंप या भागातला सैल जोड बऱ्याचदा बाहेर ठिबकत नाही, उलट हवा आत घेतो. गाडी चढावर दम टाकते, बंद पडते, आणि दोष पंपाच्या माथी मारला जातो. टाकी मागे गेली की पाइप लांबतो, जोड वाढतात. म्हणून जोड कमीत कमी ठेवावेत आणि काम झाल्यावर गाडीतल्याच छोट्या हातपंपाने पाइपातली हवा पूर्ण काढावी. उरलेले डिझेल परत आणणारा रिटर्न पाइपही तेवढाच लांबवावा लागतो. टाकीत हवा घेणारी नळी बुजली तर आत पोकळी तयार होऊन इंधन येईनासे होते. टाकी सायलेन्सरपासून दूर हवी. भरल्या गाडीत पाटे (स्प्रिंगच्या पट्ट्या) दबल्यावर ॲक्सल वर येतो, ते अंतरही आधीच सोडावे. साठ लिटर डिझेल म्हणजे सुमारे पन्नास किलो, तेव्हा पट्टे आणि त्यांखालचे रबर जुनेच वापरणे ही खोटी काटकसर. पेट्रोल गाडीत आणखी एक पथ्य: एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीपार असताना इंजिनाजवळून गेलेल्या पाइपात वाफ धरते.

जुन्या टाकीला वेल्डिंग करणे हा या कामातला सर्वांत जीवघेणा टप्पा. रिकामी टाकी सुरक्षित वाटते. प्रत्यक्षात तळाशी राहिलेल्या इंधनाची वाफ हवेत मिसळून भडका उडतो. फ्लोट (इंधनाची पातळी मोजणारा तरंगता भाग) टाकीच्या खोलीला जुळणारा नसेल तर काटा अर्धी टाकी दाखवत असताना गाडी कोरडी पडते.

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार, उत्पादकाने ठरवलेल्या मूळ तपशिलांशी नोंदणीतील तपशील विसंगत होतील असा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हेच कडकपणे सांगितले. आठ वर्षांपेक्षा जुन्या मालवाहू गाडीची योग्यता तपासणी दरवर्षी होते. त्यामुळे एमएच १३ च्या, म्हणजे सोलापूर नोंदणीच्या, गाडीमालकाने टाकीला हात लावण्याआधी परिवहन कार्यालयात विचारून घेतलेले बरे.