प्लॉट जागेवर दिसतो, मग क्षेत्रफळ शून्य का येते?
क्यूजीआयएस (संगणकावर नकाशे बनवण्याचे सॉफ्टवेअर) वापरणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

ऊस नोंदीचे प्लॉट, लेआउट, पूररेषेचे नकाशे घेऊन आमच्याकडे येणाऱ्या बहुतेकांना लेयर (नकाशाचा एकेक थर) जोडणे, रंग बदलणे, प्रिंट काढणे येते. ते इथे पुन्हा सांगत नाही. फोन येतात ते वरच्या एकाच प्रश्नासाठी.

मोबाइलवरून किंवा गूगल अर्थमधून घेतलेली केएमएल फाइल नेहमी अक्षांश-रेखांशात असते, म्हणजे ईपीएसजी ४३२६ (ईपीएसजी हा निर्देशांक मोजण्याच्या प्रत्येक पद्धतीला दिलेला क्रमांक). तिचे एकक मीटर नसून अंश आहे. कोल्हापूरच्या अक्षांशावर एक एकर म्हणजे जेमतेम ०.००००००३४ चौरस अंश. रकान्यात तीनच दशांश स्थळे ठेवली असतील, तर टेबलात ०.००० दिसणारच. अशाच लेयरवर पंचगंगेच्या काठाने बफर (ठरावीक अंतराचा पट्टा) काढताना मीटर समजून १०० टाकले, तर सॉफ्टवेअर ते शंभर अंश समजते आणि बफर देशाबाहेर जातो. स्क्रीनवर मात्र सगळे जागेवर दिसते, कारण क्यूजीआयएस दाखवण्यापुरते रूपांतर आपणहून करते. फसगत होते ती इथेच.

यावर अनेक जण लेयरवर राइट क्लिक करून ‘सेट लेयर सीआरएस’मध्ये (सीआरएस म्हणजे निर्देशांक मोजण्याची पद्धत) ३२६४३ निवडतात, म्हणजे आपल्या पट्ट्याची मीटरमध्ये मोजणारी पद्धत. सर्वांत जास्त वेळ खाणारी चूक हीच. त्या आज्ञेने आकडे बदलत नाहीत, फक्त त्यांच्यावरची पाटी बदलते. ७४ अंश रेखांश आता ७४ मीटर समजला जातो आणि शेत थेट मालदीवच्या पश्चिमेला, विषुववृत्तावरच्या समुद्रात जाऊन पडते. एकराची बाजूही अर्ध्या-पाऊण मिलिमीटरची होते, त्यामुळे झूम करूनही सापडत नाही. असे झाले तर घाबरू नका, मूळ आकडे शाबूत असतात. त्याच आज्ञेने परत ४३२६ लावा.

योग्य रीत अशी: लेयरवर राइट क्लिक, ‘एक्स्पोर्ट’, ‘सेव्ह फीचर्स ॲज’. प्रकार जिओपॅकेज (नकाशाची सगळी माहिती एकाच फाइलीत ठेवणारा), सीआरएस ईपीएसजी ३२६४३. नवी फाइल तयार होते, जुनी तशीच राहते. मग नव्या लेयरच्या प्रॉपर्टीजमध्ये ‘इन्फॉर्मेशन’ उघडून एक्स्टेंट (लेयरच्या चारही कडांचे आकडे) बघा. कोल्हापूर शहराजवळचे काम असेल तर पूर्वेचा आकडा ४ लाख १९ हजारांच्या आणि उत्तरेचा १८ लाख ४७ हजारांच्या आसपास हवा. तिथे ७४ आणि १६ दिसले, तर रूपांतर झालेलेच नाही. नागपूर किंवा गडचिरोलीचे काम असेल तर ३२६४४ लागेल, कारण तो भाग शेजारच्या पट्ट्यात येतो.

या नव्या लेयरवर क्षेत्रफळ चौरस मीटरमध्ये येते. त्याला ४०४६.८६ ने भागले की एकर, १०१.१७ ने भागले की गुंठे. सातबाऱ्यावरचा आर म्हणजे १०० चौरस मीटर. आर आणि गुंठा एकच धरू नका, एकरामागे जवळजवळ अर्ध्या आराचा फरक पडतो. पृथ्वीची गोलाई धरून काढलेले आणि सपाटीवरचे क्षेत्रफळ यांतही आपल्याकडे एकरी अडीच चौरस मीटरच्या आसपास तफावत येते. ती चूक नव्हे.

शेपफाइल (नकाशाचा जुना, अनेक फाइलींचा प्रकार) पाठवताना नुसती एसएचपी पाठवू नका. एसएचएक्स, डीबीएफ आणि पीआरजे या फाइलीही हव्यात, सगळ्या एकाच झिपमध्ये. पीआरजेमध्ये सीआरएसची नोंद असते; ती नसलेली फाइल आम्ही परत पाठवतो, याचा काहींना राग येतो. पण अंदाजाने सीआरएस लावणे आम्हाला पटत नाही. जुन्या टोपोशीटचा (सरकारी सर्वेक्षण नकाशाचा) आधार एव्हरेस्ट, जीपीएसचा डब्ल्यूजीएस ८४ (पृथ्वीच्या आकाराची दोन वेगळी मापे), आणि आपल्या भागात या दोहोंत शंभर मीटरहून जास्त अंतर पडते. इतक्या अंतराने प्लॉट शेजारच्या गटात जाऊ शकतो. शेपफाइलमध्ये रकान्याचे नाव मराठीत दिले तर दोन-तीन अक्षरांवर तुटते. म्हणून आमचा आग्रह जिओपॅकेजचा. मात्र ती फाइल कॉपी करण्याआधी क्यूजीआयएस बंद करा, नाहीतर शेवटचे बदल शेजारच्या ‘वॉल’ फाइलमध्येच अडकून राहतात. जागेचे फोटो व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. साध्या फोटोतून स्थानाची नोंद निघून जाते.

गुंठा म्हणजे ३३ फूट बाय ३३ फूट, आणि मोबाइलचा जीपीएस चार-पाच मीटर सहज चुकतो. त्यामुळे दोन-चार गुंठ्यांचे तुकडे मोबाइलवर मोजून आणू नका, आमच्याकडून आरटीके (अधिक अचूक जीपीएस) मोजणी करून घ्या. आमचा नकाशा नियोजनासाठी आहे. हद्दीचा वाद असेल, तर भूमी अभिलेख कार्यालयाची मोजणीच लागते.

फाइल एकदा तपासून देण्याचे आम्ही पैसे घेत नाही. दुरुस्तीचा खर्च आधी सांगतो, कारण शे-दोनशे प्लॉटचे सीआरएस एकेक करून तपासायला दिवस जातो. कारखान्याच्या शेती विभागासाठी किंवा आर्किटेक्टच्या ऑफिसात येऊन, तुमच्याच फाइलींवर अर्ध्या दिवसाचे प्रशिक्षणही देतो. फाइलसोबत गाव, तालुका, गट नंबर आणि माहिती कशावरून घेतली ते एका ओळीत लिहून पाठवा.