प्रोजेक्टपासून कंपनीपर्यंत: आधी पेटंटचा अर्ज, मग पेपर

चाळीत सडायला लागलेला कांदा वेळेत ओळखणारं यंत्र, द्राक्षाची प्रतवारी करणारा कॅमेरा... नाशिकच्या इंजिनीअरिंग कॉलेजांत अशी कामं होतात. प्रदर्शन होतं, प्रमाणपत्र मिळतं आणि यंत्र लॅबच्या कपाटावर जाऊन बसतं. ते तिथून उतरवून सातपूर-अंबडच्या एखाद्या कारखान्यात न्यायचं असेल, तर कुठला कागद कधी करायचा हे इथे सांगतो. क्रम चुकला तर पुढे पैसे भरूनही तो दुरुस्त होत नाही.

सर्वात आधी पेटंटचा अर्ज. पेपर, प्रदर्शन, व्हिडिओ हे सगळं त्यानंतर. शोध लोकांसमोर आला की त्याचं नवेपण संपतं. कायद्यात १२ महिन्यांची सवलत आहे, पण ती केंद्र सरकारने अधिसूचित केलेलं प्रदर्शन, विद्वत्सभेत वाचलेला निबंध अशा मोजक्या प्रसंगांपुरती. तिच्या भरवशावर राहू नका. पीएचडीचा प्रबंध शोधगंगेवर, म्हणजे प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहावर, चढला म्हणजेही तो जगजाहीरच झाला. माझ्याकडे एक मुलगी ठिबकच्या फिल्टरचं काम घेऊन आली होती. काम खरंच नवं होतं, पण त्याचा व्हिडिओ दीड वर्षापासून नेटवर होता. तिला नाही म्हणताना फार वाईट वाटलं.

पात्रता: अर्ज शोध लावणारा करू शकतो किंवा त्याने ज्याला हक्क लिहून दिले ती संस्था. पेटंट कायदा १९७० च्या कलम ३ नुसार शेतीची पद्धत, उपचाराची पद्धत, नुसता संगणक प्रोग्राम आणि पारंपरिक ज्ञान यांना पेटंट मिळत नाही. म्हणजे चाळीत कांदा कसा रचावा याला नाही, पण सड ओळखणाऱ्या यंत्राला मिळू शकतं. द्राक्षाचं नवं वाण असेल तर त्यासाठी २००१ चा वेगळा कायदा आहे. वनौषधींवर काम करणाऱ्या आयुर्वेद आणि फार्मसीच्या मंडळींनी, शोधात भारतातली जैविक सामग्री वापरली असेल, तर राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची अट आधीच पाहून ठेवावी.

कागदपत्रं: फॉर्म १ (अर्ज) आणि फॉर्म २ (शोधाचं वर्णन, आकृत्यांसह). अर्ज कॉलेजच्या नावाने असेल तर संशोधकांनी हक्क दिल्याच्या सह्या हव्यात. शुल्कसवलतीसाठी फॉर्म २८ आणि पुरावा, वकील किंवा एजंट नेमला तर फॉर्म २६. अर्ज ऑनलाइन भरता येतो, त्यासाठी डिजिटल सही लागते. महाराष्ट्राचं काम मुंबईचं पेटंट कार्यालय पाहतं. यंत्र अर्धवट असेल तरी थांबू नका. प्रोव्हिजनल (तात्पुरता) अर्ज करून तारीख पदरात पाडून घ्या, संपूर्ण वर्णन १२ महिन्यांत द्या. हे १२ महिने चुकले तर अर्ज सोडून दिल्याचं धरतात. व्यक्ती, स्टार्टअप आणि शिक्षणसंस्थेला ऑनलाइन शुल्क १,६०० रुपये. मोठी कंपनी सहअर्जदार झाली तर ८,०००. तपासणीसाठी फॉर्म १८ वेगळा भरावा लागतो, त्याचे ४,०००. तो पहिल्या अर्जाच्या तारखेपासून ३१ महिन्यांच्या आत भरला नाही तर अर्ज मागे घेतल्याचं धरतात.

आता मालकी. हा विषय मी कधीच घाईत उरकू देत नाही. विद्यार्थी आणि प्राध्यापकांसाठीचं राष्ट्रीय नवोपक्रम व स्टार्टअप धोरण २०१९ चं आहे. संस्थेची साधनं किंवा निधी भरीव प्रमाणात वापरला असेल किंवा काम अभ्यासक्रमाचा भाग असेल तर हक्क संशोधक आणि संस्थेचा मिळून, असं ते सांगतं. साधनं वापरली नसतील आणि विद्यार्थ्यांचं काम अभ्यासक्रमाचा भाग नसेल किंवा प्राध्यापकांनी ते कामाच्या वेळेबाहेर केलं असेल, तर हक्क संशोधकांचा. शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट अभ्यासक्रमातच येतो, हे मुलं विसरतात. कॉलेजचं स्वतःचं धोरण असेल तर आयपीआर (बौद्धिक संपदा हक्क) सेलकडून त्याची प्रत मागून घ्या. सहमालकीत मेख अशी की कलम ५० प्रमाणे एक मालक दुसऱ्याच्या संमतीशिवाय कोणालाही लायसन्स, म्हणजे शोध वापरायची परवानगी, देऊ शकत नाही. चार मित्रांपैकी एक नोकरीला पुण्याला गेला आणि फोन उचलेनासा झाला, तर उरलेल्या तिघांचं लायसन्स अडकलंच. म्हणून अर्ज भरण्याआधीच कोणाचा किती वाटा आणि लायसन्सचा निर्णय कोण घेणार, हे करारात लिहून सगळ्यांच्या सह्या घ्या. गाईड सरांसमोर हा विषय काढायला मुलं लाजतात. लाजू नका, सरांनाही ते हवंच असतं.

लॅबची वही जपा. पानावर तारीख, केलेल्याची सही आणि साक्षीदाराची सही. कोणी काय केलं याचा वाद निघाला तर तीच पुढे करता येते.

कंपनीची नोंदणी केंद्राच्या कॉर्पोरेट व्यवहार मंत्रालयाच्या स्पाइस प्लस फॉर्मवर होते. संचालकांचं पॅन, आधार, डिजिटल सही, जागेचं ताजं लाइट बिल आणि जागामालकाची एनओसी हे त्यासाठी लागतं. प्राध्यापक संचालक होणार असतील तर आधी संस्थेची लेखी परवानगी. मग पेटंट कॉलेजच्या नावावर असेल तर कॉलेज आणि कंपनीत लायसन्स करार: एकरकमी रक्कम, रॉयल्टी किंवा शेअर. सुविधांच्या बदल्यात संस्थेने २ ते ९.५ टक्के हिस्सा घ्यावा, असं धोरण सुचवतं. कोणी जास्त मागितला तर हा आकडा समोर ठेवा. करार लेखी हवा आणि फॉर्म १६ भरून पेटंट कार्यालयात नोंदवायला हवा.

शेवटी स्टार्टअप इंडियाच्या पोर्टलवर मान्यतेचा अर्ज. त्याला शुल्क नाही, पण प्रोप्रायटरशिप चालत नाही. मान्यता हाती आली आणि पेटंटचा अर्ज कंपनीच्या नावावर असेल, तर पेटंटची तपासणी लवकर व्हावी म्हणून फॉर्म १८ए भरता येतो.