शोधमोहिमेचा टक्का आणि सर्वेक्षणाचा टक्का

आढावा बैठकीच्या टिपणात ‘तालुक्यात ३ टक्के बालके तीव्र कुपोषित’ अशी ओळ आली की मी आधी एकच विचारते: हे ३ टक्के कशातले? दंड मोजलेल्या मुलांतले, की तालुक्यातल्या सगळ्या मुलांतले? उत्तर बहुतेक वेळा पहिले असते. पुढचे नियोजन मात्र दुसरे धरून होते.

गोंधळ होणे साहजिक आहे. अंगणवाडी सेविका आणि आशा घरोघर फिरून मुलांचा दंडघेर घेतात ती शोधमोहीम. मोजकी गावे आणि मोजकी घरे चिठ्ठ्या टाकल्यासारखी निवडून, तेवढ्यावरून अख्ख्या जिल्ह्याचा अंदाज बांधतात ते नमुना सर्वेक्षण. पट्टी तीच, लाल, पिवळा, हिरवा हे रंगही तेच. दोन्हींच्या अहवालात शेवटी टक्केच येतात, आणि सरकारी पत्रांत शोधमोहिमेलाही सर्रास सर्वेक्षण म्हटले जाते. मग दोन्ही आकडे एकाच तक्त्यात, एकाच रकान्यात जाऊन बसतात. सप्टेंबर २०२५ मध्ये मांजरा, सीना, गोदावरीच्या काठची गावे पाण्यात गेली तशा वेळी, किंवा लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले त्या २०१६ सारख्या उन्हाळ्यात, आहार कुठे किती पाठवायचा हे अशाच तक्त्यावर ठरते. म्हणून हा फरक जिल्हा पातळीवर बसणाऱ्या प्रत्येकाला पक्का माहीत असायला हवा, असे मला कळकळीने वाटते.

शोधमोहीम आधी घेऊ. ६ ते ५९ महिन्यांच्या मुलाचा डावा दंड, खांद्याचे टोक आणि कोपर यांच्या बरोबर मध्यावर मोजायचा. ११.५ सेंटिमीटरपेक्षा कमी भरला, म्हणजे पट्टीवर लाल आला, तर मूल तीव्र कुपोषित, म्हणजे सॅम. ११.५ ते १२.५ च्या आत असेल तर मध्यम, म्हणजे मॅम. दोन्ही पावलांवर सूज असेल आणि अंगठ्याने दाबल्यावर खळगा राहत असेल, तर दंड कितीही भरो, मूल सॅमच. नाव, आईचे नाव, वस्ती लिहून घ्यायची आणि त्या मुलाला ग्राम बाल विकास केंद्रात दाखल करायचे. ताप, न्यूमोनिया किंवा भूक मेलेली असेल तर थेट पोषण पुनर्वसन केंद्रात न्यायचे. मोहिमेचा खरा निकाल म्हणजे ही नावांची यादी. टक्का काढला नाही तरी मोहीम पूर्ण होते, यादी निघाली नाही तर ती वाया जाते.

सर्वेक्षणात नावाला महत्त्व नसते, निवडीला असते. आपत्तीच्या कामात जगभर ‘स्मार्ट’ नावाची पद्धत वापरतात. २००२ पासून ती आकाराला आली. लोकसंख्येच्या प्रमाणात गावे निवडायची, प्रत्येक गावात ठरावीक घरे काढायची, आणि त्या घरांतल्या पाच वर्षांखालच्या प्रत्येक मुलाचे वजन, उंची, दंडघेर घ्यायचे. घराला कुलूप असेल तर परत जायचे, सोयीचे शेजारचे घर घ्यायचे नाही. साधारण ४०० ते ६०० मुलांत जिल्ह्याचे चित्र उभे राहते. शितावरून भाताची परीक्षा होते ती याच कारणाने, पण शीत भांड्याच्या तळापासून ढवळून घेतलेले पाहिजे. वरवरचे घेतले तर खाली करपलेले कळत नाही.

या पद्धतीतला मला सर्वांत आवडणारा भाग म्हणजे ती मोजणाऱ्यांचीही परीक्षा घेते. गावात जाण्याआधी प्रत्येक मोजणीस तीच काही मुले दोन-दोनदा मोजतो, आणि त्याचा हात किती स्थिर आहे ते पाहिले जाते. नंतर संगणक आकड्यांची नियत तपासतो. उंचीचे शेवटचे अंक फार वेळा ० किंवा ५ येत असतील तर कुणीतरी अंदाजपंचे लिहिले आहे. वये २४, ३६, ४८ महिन्यांवर गोळा होत असतील तर जन्मतारीख विचारलीच नाही. आपल्याकडे त्यावर चांगला उपाय आहे. तारीख आठवत नसेल तर ‘येळवशीच्या आधी झालं का नंतर, महालक्ष्म्या बसल्या होत्या का’ असे विचारले की आजी महिना अचूक सांगते. सर्वेक्षणाआधी अशी स्थानिक सणवारांची दिनदर्शिका करून घेणे हा पद्धतीचाच भाग आहे. लातूर-धाराशिवसाठी केलेली दिनदर्शिका नांदेडला जशीच्या तशी चालेल असे नाही.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. समजा, एका तालुक्यात ६ ते ५९ महिन्यांची २०,००० मुले आहेत. मोहिमेत १२,००० मुलांचे दंड मोजले, ३६० लाल पट्टीत आली. मोजलेल्यांतले ३ टक्के. अहवालात ‘तालुक्यात ३ टक्के’ असे लिहिले की आपण न सांगता एक गृहीत धरतो: न मोजलेली ८,००० मुलेही अशीच आहेत. ती तशी नसतात. मराठवाड्यात न सापडलेले मूल कोण असते हे कुणीही सांगेल. दसऱ्यानंतर आईबाप कोयता घेऊन फडावर जातात, लेकरू त्यांच्यासोबत जाते आणि थेट उन्हाळ्याच्या तोंडाशी परतते. गावापासून लांबच्या शेतवस्तीवरचे, तांड्यावरचे, पारध्यांच्या पालावरचे मूल अंगणवाडीच्या वेळेत येत नाही. आजारी मूल आजोळी ठेवलेले असते. पुरानंतर शाळेत किंवा नातेवाइकांकडे हललेली घरे तर कुठल्याच सेविकेच्या यादीत राहत नाहीत. या ८,००० मुलांत प्रमाण दुप्पट, म्हणजे ६ टक्के धरले, तर आणखी ४८० मुले सॅम निघतात. एकूण ८४०. तालुक्याचा टक्का ३ नव्हे, ४.२. टक्क्यांतला हा फरक बारीक दिसतो, पण यादीत न आलेली मुले यादीतल्या मुलांपेक्षा जास्त आहेत!

उलटही घडते. पुढच्या महिन्यात वेळ कमी म्हणून ‘अशक्त दिसणारीच मुले आणा’ असा निरोप जातो. ३,००० मुले येतात, ३०० सॅम निघतात. १० टक्के. एका महिन्यात कुपोषण तिपटीहून जास्त झाले अशी बातमी होते, बैठक बोलावली जाते, सेविकांना नोटिसा निघतात. प्रत्यक्षात मोजणीला बोलावण्याची रीत बदलली होती, एवढेच. मला यात सर्वांत वाईट वाटते ते सेविकेचे. जास्त मुले शोधून आणणारीचा आकडा वाईट दिसतो, घरात बसून जुनेच वजन पुढे ओढणारीचा चांगला. अशा तुलनेची शिक्षा एकदा मिळाली की पट्टी नकळत सैल धरली जाते आणि ११.४ चे ११.६ होते.

म्हणजे मोहिमेचे टक्के निरुपयोगी का? नाही. तीच गावे, तीच सेविका, मोजलेल्या मुलांचे प्रमाणही साधारण तेच, असे असेल तर महिन्यामागून महिना आकडा चढतो आहे ही धोक्याची खूण घ्यावी. ती खूण सर्वेक्षण कुठे आणि कधी करायचे ते सांगते. मात्र टक्क्यासोबत मोजलेली मुले किती, नोंदलेली किती, आणि राहिलेली का राहिली, हे तीन रकाने आलेच पाहिजेत.

सर्वेक्षणाचाही गैरवापर होतो आणि तो जास्त प्रतिष्ठित माणसे करतात. धाराशिवसारख्या आठ तालुक्यांच्या जिल्ह्यात समजा ५०० मुले मोजली आणि वजन-उंचीनुसार तीव्र व मध्यम मिळून १२ टक्के आले. खरे प्रमाण त्याच्या साधारण साडेतीन टक्के इकडेतिकडे, म्हणजे साडेआठ ते साडेपंधराच्या मध्ये कुठेतरी असेल. जिल्ह्याच्या निर्णयाला हे पुरते. युनिसेफ आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गवारीत १० ते १५ म्हणजे ‘जास्त’ आणि १५ च्या वर ‘अति जास्त’, तेव्हा पावले उचलायला हा आकडा भरपूर बोलका आहे. मग कुणीतरी म्हणते, याचे तालुकावार तुकडे पाडून द्या. प्रत्येक तालुक्यात साठेक मुले, आणि चूक दहा टक्क्यांच्या घरात. भूममध्ये १५, परंड्यात ९ असे आकडे आले तरी दोन्हींत काही फरक आहे असे त्यावरून म्हणता येत नाही. त्या आधारावर एका तालुक्याचा आहार दुसऱ्याकडे वळवणे हा अन्याय आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणही जिल्ह्यापर्यंतच बोलते. त्याच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रात लुकडेपणा, म्हणजे उंचीच्या मानाने कमी वजन, २५.६ टक्के आणि तीव्र लुकडेपणा १०.९ टक्के निघाला. हे आकडे आणि अंगणवाडीच्या पोषण ट्रॅकरमधले आकडे जुळत नाहीत म्हणून दर वर्षी वाद होतो. एकात निवडलेली घरे, दुसऱ्यात अंगणवाडीत मोजली गेलेली मुले. मोजण्याचा काळ वेगळा, मोजणारे हात वेगळे. ते सहजासहजी जुळणार नाहीत.

दंडघेर आणि वजन-उंची ही दोन मापेही सरमिसळ करू नयेत. दोन्हींनी सॅम ठरणारी मुले काही अंशीच सारखी असतात. दंडघेर लहान वयाची मुले जास्त पकडतो. एका तक्त्यात दोन्ही मापे असतील तर दोन ओळी हव्यात.

जगात जिथे उपासमारीचा प्रश्न जीवनमरणाचा होतो तिथे हा फरक किती गंभीरपणे पाळतात ते सोमालियात दिसले. २० जुलै २०११ रोजी संयुक्त राष्ट्रांनी तिथल्या दक्षिणेतल्या दोन भागांत दुर्भिक्ष जाहीर केले. कसोट्या ठरलेल्या होत्या: तीव्र व मध्यम मिळून कुपोषण ३० टक्क्यांच्या वर, रोज दर १०,००० माणसांमागे २ हून जास्त मृत्यू, आणि किमान पाचव्या हिश्श्याच्या घरांत अन्नाची टोकाची टंचाई. उपचार केंद्रांवर रांगा होत्याच, पण रांगेवरून कुपोषणाचे आणि मृत्यूचे प्रमाण ठरत नाही. त्यासाठी सर्वेक्षणे केलेली होती. महाराष्ट्रानेही ही समज दाखवली आहे. २००५ मध्ये औरंगाबादेत मुख्यालय ठेवून राजमाता जिजाऊ माता-बाल आरोग्य व पोषण मिशन सुरू झाले. दरमहा वजनाचे अहवाल येतच होते. तरी २०१२ मध्ये राज्याने मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेकडून दोन वर्षांखालच्या मुलांची स्वतंत्र मोजणी करून घेतली.

दोन आकड्यांना एकत्र आणायची योग्य जागा एकच, आणि तिथे ते फार कामाचे ठरतात. सर्वेक्षणातून मिळालेल्या प्रमाणाला मुलांच्या संख्येने गुणले की आज किती मुले सॅम आहेत ते कळते. वर्षभरात नवी मुले आजारी पडत राहतात, म्हणून आपत्तीच्या नियोजनात त्याला बहुधा २.६ ने गुणतात. हा गुणक सगळीकडे सारखा लागू पडत नाही हे आता मान्य झाले आहे, पण सुरुवात करायला चालतो. वरच्या तालुक्यात सर्वेक्षणानेही ४.२ टक्केच सांगितले असे धरा. आज ८४०, वर्षात सुमारे २,२००. ग्रामीण भागात निदान निम्म्याहून जास्त मुलांपर्यंत उपचार पोचावेत असा आंतरराष्ट्रीय मानदंड आहे; म्हणजे ११०० मुलांचा आहार आणि औषधे तरी मागवायला हवीत. शोधमोहिमेच्या ३६० वर मागणी केली असती तर साठा काही महिन्यांतच संपला असता. आता या अपेक्षित संख्येशेजारी प्रत्यक्ष दाखल झालेल्यांची यादी ठेवा. तफावत कुठे मोठी आहे ते गावागणिक दिसत नाही, पण तालुक्यात आपण किती मुलांना चुकवतो आहोत ते दिसते. मग मोहीम कारखान्याच्या अड्ड्यावर, तांड्यावर, निवारा केंद्रात न्यायची की नाही हा प्रश्नच उरत नाही.

अनेक देशांत संयुक्त राष्ट्रांच्या आपत्ती-मदतीतल्या २००५ च्या सुधारणांनंतर हे काम युनिसेफच्या पुढाकाराखालचा पोषण गट पाहतो, आणि त्यात माहिती सांभाळायला वेगळा अधिकारी असतो. आपल्याकडे जबाबदारी शासनाची: जिल्हाधिकारी, जिल्हा परिषद, महिला व बालविकास, आरोग्य. संस्था मदतीला येतात, प्रत्येकीचा तक्ता निराळा. पहिल्याच बैठकीत कोण, कुठे, काय करतो याचा एकच कागद आणि मोजणीचा एकच नमुना ठरवून घ्यावा, नाहीतर तीच मुले तीन याद्यांत येतात आणि पालावरचे एकाही यादीत येत नाही.

सर्वेक्षणाच्या पथकाच्या पिशवीत मोजपट्टीइतकीच गरजेची वस्तू म्हणजे चिठ्ठीचे पुस्तक. नमुन्यात निवडलेल्या घरात सॅम मूल सापडले तर आकडा टिपून पुढच्या घरी जायचे नसते. आईच्या हातात केंद्राची चिठ्ठी द्यायची आणि सेविकेला त्याच दिवशी फोन करायचा, म्हणजे तिच्या यादीत ते नाव संध्याकाळपर्यंत चढते.