‘पॉझिटिव्ह राहा’ आणि टॅमॉक्सिफेन

स्तनाच्या कर्करोगाचं निदान झालं की भेटायला येणारा प्रत्येक जण सांगतो, ‘पॉझिटिव्ह राहा, निम्मा आजार मनानेच बरा होतो.’ या समजुतीला एकेकाळी अभ्यासाचाही आधार मिळाला होता. १९८९ मध्ये अमेरिकेतले मनोविकारतज्ज्ञ डेव्हिड स्पीगल यांनी आजार शरीरभर पसरलेल्या ८६ स्त्रियांचा अभ्यास ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापला. वर्षभर दर आठवड्याला आधारगटात बसणाऱ्या स्त्रिया सरासरी ३६.६ महिने जगल्या, बाकीच्या १८.९ महिने. पण २००१ मध्ये कॅनडात २३५ स्त्रियांवर हेच पुन्हा तपासलं, तेव्हा आकडे आले १७.९ आणि १७.६. पुढे २००७ मध्ये खुद्द स्पीगल यांच्या फेरतपासणीतही एकंदर आयुष्य वाढलेलं दिसलं नाही. कॅनडातल्या गटांत मनाची तगमग आणि वेदनांची जाणीव मात्र कमी झाली, आणि मुळात जास्त खचलेल्यांना जास्त फायदा झाला. मानसिक आधार द्यायला एवढं कारण पुरेसं आहे. ‘तू फार टेन्शन घेतेस म्हणूनच गाठ आली’ हे ऐकवणं म्हणजे आजारी बाईलाच आरोपी करणं.

खचलेपण ओळखायचं कसं? भूक नसणं, थकवा, वजन घटणं ही लक्षणं केमोचीही असतात. केमोबरोबर दिलेल्या डेक्सामेथासोन या स्टिरॉइडमुळे एकदोन रात्री झोप उडते, चिडचिड होते. ते नैराश्य नव्हे. म्हणून विचारायचं ते असं : दोन आठवडे बहुतेक वेळ मन उदास आहे का? आवडीच्या गोष्टींतही रस उरलेला नाही का? शिवाय ० ते १० अशी पट्टी दाखवून गेल्या आठवड्यातला त्रास किती, हे विचारतात. ४ किंवा जास्त आकडा आला, तर पुढची तपासणी.

नैराश्याच्या गोळीची गरज पडली, की खरी गंमत यकृतात सुरू होते. हार्मोनला प्रतिसाद देणाऱ्या गाठींसाठी टॅमॉक्सिफेन बहुधा रोज २० मिलिग्रॅम, ५ ते १० वर्षं घ्यावं लागतं. ही गोळी स्वतः तशी दुबळी. यकृतातलं ‘सीवायपी-२डी६’ हे एन्झाइम तिच्यापासून एंडॉक्सिफेन बनवायला लागतं, आणि पेशीतल्या इस्ट्रोजेन या हार्मोनच्या जागा जास्त घट्ट अडवतं ते एंडॉक्सिफेन. पॅरोक्सेटिन आणि फ्लुऑक्सेटिन ही नैराश्याची नेहमीची औषधं नेमकं हेच एन्झाइम अडवतात. रक्तातलं एंडॉक्सिफेन घसरतं. बाईला बरं वाटत असतं, गोळी चुकत नसते, त्यामुळे कुणाच्या लक्षातही येत नाही. मृत्यूचं प्रमाण यामुळे किती वाढतं, यावर अभ्यासांचं एकमत नाही. पण पर्याय असताना ही जोडी टाळतात. व्हेन्लाफॅक्सिन हे नैराश्याचं दुसरं औषध या एन्झाइमच्या वाटेला फारसं जात नाही. शिवाय टॅमॉक्सिफेनमुळे अंगातून निघणाऱ्या गरम वाफाही त्याने कमी होतात, म्हणजे रात्रीची झोपमोडही कमी. मात्र रक्तदाबावर लक्ष ठेवावं लागतं. टॅमॉक्सिफेनऐवजी लेट्रोझोल किंवा अॅनास्ट्रोझोल ही गोळी चालू असेल, तर एंडॉक्सिफेनचा हा प्रश्नच येत नाही.

घोळ होतो तो दोन डॉक्टर आणि दोन फायलींमुळे. मनोविकारतज्ज्ञाला कर्करोगाच्या गोळ्यांची पट्टी दाखवावी आणि कर्करोगतज्ज्ञाला मनाच्या गोळ्यांची. आधीपासून पॅरोक्सेटिन चालू असेल तर हे वाचून ते एकदम थांबवू नये. चक्कर, मळमळ, अस्वस्थता उसळते. डॉक्टर डोस टप्प्याटप्प्याने उतरवून औषध बदलतात. नव्या गोळीचा मनावरचा गुण दिसायला दोन ते चार आठवडे, कधी त्याहून जास्त लागतात. त्या मधल्या काळात समुपदेशन चालू ठेवावं. रुग्णालयात समुपदेशक नसेल, तर सरकारच्या टेलि-मानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतही बोलता येतं.