देवीच्या लशीची सक्ती आणि नकाराचा अधिकार : पार्श्वभूमी

‘अमुक करू नये’ असे सांगणारे कायदे माणसाला फार प्राचीन काळापासून परिचित आहेत. परंतु ‘अमुक केलेच पाहिजे’, आणि तेही स्वतःच्या किंवा आपल्या मुलाच्या शरीराच्या बाबतीत, असा आदेश देणारा कायदा त्याहून बराच वेगळा असतो. अशा कायद्यांविषयी आज दोन्ही बाजूंनी जे युक्तिवाद केले जातात, त्यांतील बरेचसे एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये देवीच्या लशीवरून झालेल्या संघर्षात मांडले गेले होते.

इंग्रज डॉक्टर एडवर्ड जेनर यांनी १७९६ मध्ये लशीचा प्रयोग केला. १८४० च्या कायद्याने इंग्लंडमध्ये ती मोफत उपलब्ध झाली, आणि १८५३ मध्ये प्रत्येक बालकाला जन्मानंतर तीन महिन्यांच्या आत लस टोचून घेणे पालकांवर बंधनकारक करण्यात आले. १८६७ च्या कायद्यामुळे मूल चौदा वर्षांचे होईपर्यंत त्याच पालकांना पुन्हा पुन्हा दंड करता येऊ लागला. माझ्या मते संघर्षाचे खरे मूळ येथे आहे. सधन माणूस दंड भरून मोकळा होई, पण कामगाराच्या घरातील सामान जप्त होऊन लिलावात जाई किंवा त्याला तुरुंगात जावे लागे. शिवाय एका बाळाच्या हातावरील फोडातून द्रव घेऊन तो दुसऱ्या बाळाला टोचण्याची पद्धत तेव्हा रूढ होती व तिच्यातून अन्य रोग पसरण्याचा धोका होता. त्यामुळे पालकांची भीती सर्वस्वी निराधार म्हणता येणार नाही.

दरम्यान १८५९ मध्ये इंग्रज तत्त्वज्ञ जॉन स्टुअर्ट मिल यांनी असे प्रतिपादन केले होते की, व्यक्तीवर तिच्या इच्छेविरुद्ध सत्ता चालवण्याचे समर्थन केवळ इतरांची हानी टाळण्यासाठीच होऊ शकते. न्यायालयात साक्ष देणे, समाजाच्या संरक्षणाचा आपला वाटा उचलणे अशा कृतींची सक्ती मात्र त्यांनी न्याय्य मानली होती, आणि त्यांचा आधार घेऊन प्रत्येक सक्तीला विरोध करणारे हा भाग सहसा विसरतात. लशीच्या प्रश्नात तर हे तत्त्व दोन्ही पक्षांना आपलेसे वाटू शकत होते, कारण संसर्गजन्य रोगात स्वतःपुरता घेतलेला निर्णय शेजाऱ्याच्या घरापर्यंत पोहोचतो.

१८८५ मध्ये लेस्टर शहरात सक्तीविरुद्ध प्रचंड मोर्चा निघाला. या शहराने रुग्णाची तत्काळ नोंद, विलगीकरण आणि संपर्कातील व्यक्तींवर देखरेख असा पर्यायी मार्ग अवलंबला होता, हे विशेष लक्षात घेण्याजोगे आहे. पुढे सरकारने नेमलेल्या शाही आयोगाने (रॉयल कमिशन) १८८९ ते १८९६ या काळात चौकशी करून वारंवार दंड करण्याची तरतूद रद्द करण्याची शिफारस केली. १८९८ च्या कायद्याने सदसद्विवेकबुद्धीच्या आधारे आक्षेप घेणाऱ्या पालकांना दंडाधिकाऱ्यांसमोर सूट मागण्याची मुभा दिली, १९०७ मध्ये ती प्रक्रिया सोपी झाली, आणि १९१६ मध्ये सक्तीची लष्करभरती आली तेव्हा हीच संकल्पना युद्धाला नकार देणाऱ्यांच्या उपयोगी पडली. सामान्य पालकांनी तुरुंगवास सोसून मिळवलेली ही तरतूद मला या इतिहासातील सर्वांत मोलाची वाटते.

अमेरिकेत हा प्रश्न न्यायालयाने सोडवला. मॅसॅच्युसेट्समधील केंब्रिज येथे १९०२ मध्ये देवीची साथ असताना लस नाकारल्याबद्दल धर्मोपदेशक हेनिंग जेकबसन यांना ५ डॉलर दंड झाला. १९०५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सात विरुद्ध दोन अशा मतांनी कायदा वैध ठरवला, परंतु मनमानी किंवा अवाजवी सक्ती न्यायालय रोखू शकेल, अशी मर्यादाही घातली. त्या राज्याच्या कायद्यात बळजबरीने लस टोचण्याची तरतूद नव्हती. नकार देणाऱ्याला केवळ दंड होत असे.

हा फरक किती महत्त्वाचा होता, ते १९२७ मध्ये दिसून आले. ‘मंदबुद्धी’ ठरवलेल्या व्यक्तींची त्यांच्या इच्छेविरुद्ध नसबंदी करण्याचा व्हर्जिनियाचा कायदा ‘बक विरुद्ध बेल’ या खटल्यात सर्वोच्च न्यायालयात वैध ठरला, आणि न्यायमूर्ती ऑलिव्हर वेंडेल होम्स यांनी त्यासाठी सक्तीच्या लसीकरणामागील तत्त्वाचाच आधार घेतला. ५ डॉलर दंडाच्या समर्थनार्थ दिलेला निकाल अशा रीतीने माणसाच्या शरीरावर कायमची शस्त्रक्रिया करण्यासाठी वापरला गेला. १९४२ मध्ये त्याच न्यायालयाने काही गुन्हेगारांची नसबंदी करण्याचा ओक्लाहोमाचा कायदा समतेच्या मुद्द्यावर रद्द केला. १९२७ चा निकाल मात्र त्याने आजवर स्पष्ट शब्दांत रद्दबातल ठरवलेला नाही.