खायचा सोडा आणि तुरटी: आम्ल क्षार कोणता, आम्लधर्मी कोणता?

वह्या तपासताना दरवर्षी एक वाक्य भेटतंच: ‘खायच्या सोड्यात हायड्रोजन आहे, म्हणून त्याचं द्रावण आम्लधर्मी.’ पहिलं अर्धं बरोबर, दुसरं साफ चूक.

आम्ल (ॲसिड) अधिक आम्लारी (बेस) म्हणजे क्षार (सॉल्ट) आणि पाणी, हे येतंच, पुढे जाऊ. (हिंदी व्हिडिओंवर अभ्यास करणाऱ्यांनी मात्र जपून: तिकडचा ‘क्षार’ आम्लारीच्या कुळातला, आणि आपल्या क्षाराला ते ‘लवण’ म्हणतात.)

‘आम्ल क्षार’ हे नाव घडणीवरून पडलं. कार्बोनिक आम्लातले दोन हायड्रोजन; सोडियमने त्यातला एक हटवला की खायचा सोडा, दोन्ही हटवले की धुण्याचा सोडा. पहिल्यात आम्लाचा हायड्रोजन उरलाय, म्हणून तो आम्ल क्षार. दुसरा सामान्य क्षार. ‘आम्लधर्मी’ हे मात्र वागणुकीवरून ठरतं: पाण्यात विरघळल्यावर सामू (pH; ७ म्हणजे उदासीन, वर गेला तर आम्लारिधर्मी) ७च्या खाली गेला का?

खायच्या सोड्यातला तो उरलेला हायड्रोजन सहजासहजी सुटत नाही. उलट सोड्यातला बायकार्बोनेट आयनच (आयन म्हणजे प्रभारित कण) पाण्याकडून हायड्रोजन आयन ओढून घेतो, मागे हायड्रॉक्साइड राहतो आणि सामू ८.३च्या आसपास जातो. हळदीच्या पाण्यात चमचाभर टाकून बघा, तांबूस झाक येईल. आंबट ढेकर आल्यावर आजी सोडा देते, ती काय आम्लात आम्ल ओतायला?

आता दाढीनंतर फिरवायचा तुरटीचा खडा घ्या. पोटॅशियम आणि ॲल्युमिनिअमचं दुहेरी सल्फेट. आम्लाचा एकही हायड्रोजन शिल्लक नाही, म्हणजे आम्ल क्षार मुळीच नव्हे. पण द्रावणात निळा लिटमस बुडवला की लाल, म्हणजे आम्लधर्मी! ॲल्युमिनिअमचा आयन इवलासा आणि त्यावर तीन धनप्रभार. भोवतीच्या पाण्याच्या रेणूंना तो असा ताणतो की हायड्रोजन आयन सुटतो तो त्या पाण्यातूनच.

फॉस्फेटांची जोडी तर आणखी मजेशीर. फॉस्फोरिक आम्लात हायड्रोजन तीन, त्यातला एक किंवा दोन सोडियमने हटवले तरी काही उरतातच. एक सोडियमवालं आम्लधर्मी, दोन सोडियमवालं आम्लारिधर्मी, आणि दोघंही आम्ल क्षारच.

‘तीव्र आम्ल, सौम्य आम्लारी असेल तर क्षाराचं द्रावण आम्लधर्मी; दोन्ही तीव्र असतील तर उदासीन’ हा पाठ केलेला तक्ता नवसागरासारख्या (अमोनियम क्लोराइड) सामान्य क्षारांपुरता ठीक. सोडियम बायसल्फेटला (सल्फ्युरिक आम्लातला एकच हायड्रोजन हटवलेला आम्ल क्षार) लावून बघा: तीव्र आम्ल, तीव्र आम्लारी, म्हणजे तक्त्याप्रमाणे उदासीन. प्रत्यक्षात त्याच्या द्रावणाचा सामू १च्या आसपास असतो.